मानमोडी ते दरवर्षीची लस : गोंदियाच्या इतिहासातून एक आग्रह

#थ्रेड #इतिहास #गोंदिया

१/ ऑक्टोबर १९१८. मध्य प्रांतातील भंडारा जिल्हा. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा त्याचाच एक भाग होता. पावसाने दगा दिलेल्या त्या वर्षी जो काही हलका धान हाती लागणार होता, तो कापणीला आलेला. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत घरोघरी माणसे अंथरुणाला खिळली. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी या साथीला लोकांनी नाव दिले ‘मानमोडी’. जगाने दिले ‘स्पॅनिश फ्लू’.

२/ हा थ्रेड त्या साथीविषयी आहे, आणि आजच्या एका साध्या सुईविषयीही आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगतो. फ्लूची लस दरवर्षी घेणे हे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाने शिकवलेले शहाणपण आहे, आणि ज्यांना ती विकत घेणे परवडत नाही त्यांना ती गावातच मोफत मिळणे ही शासनाची जबाबदारी आहे. असे का म्हणतो, ते पुढे क्रमाने मांडतो.

३/ प्रथम साथीचा प्रवास. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. पहिले महायुद्ध चालू होते. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे बंदरात येत-जात होती. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. लोक चार दिवस झोपले, उठले, कामाला लागले. ‘साधा ताप’ ही समजूत तेव्हाच रुजली.

४/ सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली, आणि तिचे रूप पार निराळे होते. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदवले गेले. साथ तिथून आत सरकली ती लोहमार्गाने. रेल्वे आणि टपाल खात्यातील कर्मचारी, सुट्टीवर परतणारे सैनिक, शहर सोडून गावी निघालेले गिरणी कामगार. रोग त्यांच्यासोबत तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसून आला.

५/ आता नकाशावर गोंदिया पाहा. मुंबईहून सुमारे हजार किलोमीटर आत. पण बंगाल-नागपूर रेल्वेने हे गाव मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन केले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथून बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे अरुंद मापाची गाडी धावू लागली. दक्षिणेला नागभीडकडे दुसरा फाटा फुटला. ज्या रुळांनी इथला तांदूळ आणि तेंदूपत्ता बाहेर नेला, तेच रूळ साथीलाही मोकळे होते. भूगोलाने दूर ठेवलेली गावे रेल्वेने मुंबईच्या शेजारी आणून बसवली होती.

६/ परिणाम काय झाला? ब्रिटिश हिंदुस्थानात ज्या प्रांतांत सर्वाधिक माणसे मेली, त्यांत मध्य प्रांत व वऱ्हाड अग्रभागी होता. मृत्यूचे प्रमाण हजारी ५० हून अधिक. म्हणजे दर वीस माणसांमागे एक माणूस, आणि तेही मुख्यतः दोन-अडीच महिन्यांत. संपूर्ण हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज अभ्यासकांनुसार १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. महायुद्धात सर्व देशांचे मिळून जेवढे सैनिक पडले, त्याहून हा आकडा मोठा आहे.

७/ जनगणनेच्या तक्त्यांत याचे व्रण स्पष्ट दिसतात. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेच्या इतिहासातील एकमेव दशक, ज्यात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. म्हणूनच लोकसंख्याशास्त्रात १९२१ या वर्षाला ‘महाविभाजक वर्ष’ म्हणतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे हे पाठ करतात. त्या शब्दामागे मानमोडीत विझलेली घरे आहेत, हे मात्र क्वचित सांगितले जाते.

८/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक क्षण थांबावे. मध्य प्रांतातील खेड्यात जन्म-मृत्यूची खबर कोण देत असे? गावचा कोतवाल. तो ठरावीक दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन आठवड्याचे जन्म-मृत्यू सांगे. आणि कोतवालच तापाने पडला तर? त्या महिन्यांत नोंदणीची यंत्रणाच ठिकठिकाणी कोलमडली. आजाराने माणसांसोबत दप्तरही आडवे केले. म्हणून अभ्यासकांचे अंदाज एकमेकांपासून इतके दूर आहेत. काही मृत्यू आपल्याला मोजतादेखील आलेले नाहीत.

९/ मेले कोण? नेहमीच्या फ्लूमध्ये म्हातारे आणि तान्ही मुले अधिक दगावतात. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वयाची, राबती माणसे मोठ्या प्रमाणात गेली. स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक राहिले. आजाऱ्याची शुश्रूषा त्यांच्याकडे, पाणी-सरपण त्यांच्याकडे, आणि घरात अन्न अपुरे असता शेवटचा घासही त्यांच्याच वाट्याचा. मुंबईतील आकडे तर अधिक बोलके आहेत. युरोपीय रहिवाशांत मृत्यूचे प्रमाण हजारी ८.३, तथाकथित खालच्या जातींतील हिंदूंमध्ये हजारी ६१.६. विषाणू एकच, शहरही एकच.

१०/ या फरकाचे कारण विषाणूत शोधून सापडत नाही. १९१८ चा पावसाळा फसला होता, धान्य महागले होते, युद्धामुळे डॉक्टर आघाडीवर गेले होते. दाट वस्ती, अर्धपोटी शरीर, उपचाराचा अभाव. या तिहींच्या जोडीला ताप आला आणि त्यामागून न्यूमोनिया. प्रतिजैविके नव्हती; पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा. लस? तिचा तर प्रश्नच वेगळा होता.

११/ लस करण्याचे प्रयत्न तेव्हा जगात अनेक ठिकाणी झाले, परंतु शत्रूच चुकीचा ओळखला गेला होता. फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये सांगितलेला एक जीवाणू हाच इन्फ्लुएन्झाचे कारण, असे बहुतेकांना वाटे. खरा कर्ता विषाणू होता. माणसातील तो विषाणू १९३३ मध्ये लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी वेगळा केला. म्हणजे आपल्या पणजोबांच्या पिढीला मारून पंधरा वर्षे उलटल्यावर मारेकऱ्याची ओळख पटली.

१२/ पहिली उपयुक्त लस अमेरिकेत थॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांच्या प्रयत्नांतून घडली. आधी सैन्यासाठी, मग १९४५ मध्ये नागरिकांसाठी परवाना मिळाला. हे साल्क म्हणजेच पुढे पोलिओ लसीमुळे जगाला ठाऊक झालेले साल्क. आणि लगेच, १९४७ मध्ये, ही लस सपशेल निष्प्रभ ठरली. का? लसीत दोष नव्हता. विषाणूने आपले बाह्यरूप बदलले होते.

१३/ ‘दरवर्षी का?’ या प्रश्नाचे उत्तर या १९४७ मध्ये आहे. देवीच्या विषाणूचे रूप जवळपास स्थिर होते. म्हणून एकदा ‘देवी काढल्या’ की अनेक वर्षे संरक्षण मिळे, आणि म्हणूनच तो रोग पृथ्वीवरून पुसता आला. फ्लूचा विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत लहानसहान चुका करतो. त्या साचत जातात आणि शरीराने ओळखून ठेवलेला चेहरा हळूहळू अनोळखी होतो. शिवाय लसीने आलेली प्रतिकारशक्तीही काही महिन्यांत ओसरू लागते. अशी ही दोन कारणे.

१४/ म्हणून जगाने पहाऱ्याची व्यवस्था उभी केली. जागतिक आरोग्य संघटनेचे इन्फ्लुएन्झा निरीक्षणाचे जाळे १९५२ पासून कार्यरत आहे. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झाले; आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. देशोदेशीच्या प्रयोगशाळा वर्षभर नमुने तपासतात आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, पुढच्या लसीत कोणते प्रकार असावेत हे ठरते.

१५/ जवळचे उदाहरण घ्या. २००९ मध्ये ‘स्वाइन फ्लू’ आला. देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. पुण्या-मुंबईतील शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधलेल्या रांगा लागल्या. २०१० मध्ये भारतीय बनावटीच्या लसी आल्या. त्यांतील नाकात फवारायची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. पुढे २०१५ मध्ये देशभरात या विषाणूने सुमारे तीन हजार बळी घेतले, तेव्हाही महाराष्ट्र अधिक झळ पोचलेल्या राज्यांत होता. २०१७ पर्यंत तर ‘कॅलिफोर्निया’ प्रकाराची जागा ‘मिशिगन’ प्रकाराने घेतली आणि लसही त्यानुसार बदलली. विषाणू थांबलेला नाही. सुदैवाने पहाराही थांबलेला नाही.

१६/ आता आक्षेपांकडे वळू. ते हसण्यावारी नेऊ नयेत. लसीविषयीच्या शंकेला आपल्याकडे इतिहास आहे. १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. आणि १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे त्याच लसीची दूषित कुपी टोचली जाऊन १९ माणसे धनुर्वाताने मेली. सरकारी सक्ती, घरात शिरणारे शिपाई, परकी सत्ता; त्या काळच्या माणसाने लसीकडे संशयाने पाहिले, यात त्याचा अडाणीपणा नव्हता. १९७६ मध्ये अमेरिकेत फ्लूविरोधी घाईच्या मोहिमेत साधारण एक लाख लसवंतांमागे एकाला गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार जडला. हेही नोंदवलेच पाहिजे.

१७/ पण नोंद पुरी वाचावी. मुल्कोवालने निर्जंतुकीकरणाचे नियम कडक केले. १९७६ ने दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याची शिस्त शिकवली. त्यानंतरच्या अर्धशतकात कोट्यवधी लोकांनी ही लस घेतली आहे. बहुतेकांना होतो तो त्रास म्हणजे दंड दुखणे आणि एखाद्या दिवसाची कणकण. टोचून दिलेल्या लसीतील विषाणू मृत असतो. त्यातून फ्लू होऊ शकत नाही. आधीच्या मात्रेला तीव्र प्रतिक्रिया आली असेल किंवा गियाँ-बारे झाला असेल, तर डॉक्टरांना ते सांगावे. हा अपवाद मानण्यात लाज नाही.

१८/ दुसरा आक्षेप : ‘लस घेऊनही ताप आलाच.’ खरे आहे, येऊ शकतो. लसीतील प्रकार फिरत्या विषाणूशी चांगले जुळले, त्या वर्षी तिची परिणामकारकता साधारण ४० ते ६० टक्के असते. हे प्रमाण थोडे वाटते. पण विचार करा, ऑक्टोबर १९१८ मध्ये कोणी निम्मे मृत्यू टाळून देतो म्हणाले असते, तर त्याला नको म्हणणारा कोण भेटला असता? शिवाय लस घेतलेल्याला ताप आला तरी रुग्णालयात दाखल होण्याची, श्वास कोंडण्याची पाळी कमी वेळा येते. आणि दर पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. दुसऱ्या विषाणूंचा दोष या लसीच्या माथी मारू नये.

१९/ इथे एक कबुली देतो. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी १९१८ च्या साथीवर निबंध वाचला, कौतुक झाले. त्याच श्रावणात माझ्या मावसभावाला ताप आला. त्याला सिकलसेल आहे. तिसऱ्या दिवशी दम लागला, नागपूरला न्यावे लागले, नऊ दिवस अतिदक्षता विभागात गेले. तपासणीत इन्फ्लुएन्झा निघाला. डॉक्टरांनी विचारले, “यंदा फ्लूची लस दिली होती का?” मावशीने माझ्याकडे पाहिले. “साधा ताप तं होता, बापू,” ती म्हणाली. मुंबईतला ६ ऑक्टोबरचा आकडा मला तोंडपाठ होता. घरातल्या माणसाला लस द्यावी, हे सुचले नव्हते. तो वाचला. माझा निबंध मात्र त्या दिवशी माझ्याच नजरेतून उतरला.

२०/ आपल्या जिल्ह्यासाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. सिकलसेलचे रुग्ण पूर्व विदर्भात मोठ्या संख्येने आहेत. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घरोघरी ठाऊक आहे. सिकलसेल असलेल्याला फ्लू झाला तर छातीचा गंभीर विकार उद्भवण्याचा धोका अधिक. त्यांच्याखेरीज साठी ओलांडलेले, गर्भवती, पाच वर्षांखालील मुले, मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचे विकार असलेले आणि आरोग्य कर्मचारी. लसीची पहिली गरज या सर्वांना आहे.

२१/ गर्भवतींविषयी स्वतंत्रपणे सांगतो, कारण सर्वाधिक भीती तिथे असते. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. त्याचे संरक्षण आईकडूनच येते. बांगलादेशात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, गरोदरपणी लस घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. एका टोचणीत दोन जीव राखले जातात.

२२/ केव्हा घ्यावी? युरोप-अमेरिकेत फ्लू म्हणजे हिवाळा. आपल्याकडे मोठी लाट पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि लहान लाट हिवाळ्याच्या उत्तरार्धात. जुलै-ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे रोवणीचे दिवस. बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या, अंगावर पाऊस, जेवण बांधावर, ने-आण एकाच गच्च भरलेल्या गाडीतून. त्यातला एक आठवडा तापात गेला की मजुरी बुडते आणि पऱ्हे वाढून जातात. लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे हा आपला योग्य काळ. मृगाच्या आधी बियाण्याची सोय करतो, तशीच हीही सोय करावी.

२३/ आता शासनाकडे मागणे. ही लस राष्ट्रीय सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. महाराष्ट्रात गेल्या दशकात गर्भवती आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना शासकीय रुग्णालयांतून ती मोफत देण्याचे उपक्रम झाले, ही चांगली सुरुवात होती. परंतु खाजगीत तिची किंमत दीड-दोन हजार रुपयांच्या घरात जाते; म्हणजे रोजगार हमीवरच्या मजुराची पाच-सहा दिवसांची कमाई, माणशी, दरवर्षी. अशा किमतीत ‘लस घ्या’ हा उपदेश निम्म्या जिल्ह्याला लागूच होत नाही.

२४/ म्हणून माझे म्हणणे असे : दर एप्रिल-मेमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, निदान सिकलसेलचे रुग्ण, गर्भवती आणि वृद्ध यांना ही लस नेमाने व मोफत मिळावी. शीतसाखळी आहे, आशाताई आहेत, सिकलसेलच्या रुग्णांच्या नोंदी आहेत. कोविडच्या काळात हीच यंत्रणा जंगलातल्या टोल्यांपर्यंत पोचली होती. आणि हे काम गोंडी, पोवारी, हिंदी, मराठी अशा लोकांच्या बोलीत, समजावून व्हावे. हुकमाने नको, हुकमाचा इतिहास आपण १६ व्या क्रमांकात पाहिला.

२५/ हजारी ८.३ आणि हजारी ६१.६ यांतले अंतर तेव्हा वस्ती, अन्न आणि औषध यांनी ठरवले होते. आज त्यात लसही आहे. जी लस ऐपतीवर अवलंबून राहते, ती ते अंतर कायम ठेवते. जी आरोग्य केंद्रात नेमाने मिळते, ती ते बुजवू लागते. निवड इतकी उघड आहे.

२६/ १९१८ चे एकही स्मारक आपल्या जिल्ह्यात माझ्या पाहण्यात नाही. युद्धात पडलेल्यांची नावे दगडावर कोरली जातात. तापात गेलेल्यांची राहत नाहीत. त्यामुळेच ‘साधा ताप’ हा शब्द शतकभर टिकला. वाचकमित्रांनो, दोन कामे सुचवतो. घरातील सर्वात वृद्ध माणसाला विचारा : त्यांच्या आई-वडिलांकडून ‘मानमोडी’ हा शब्द कधी ऐकला होता का? जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा. कोतवालाच्या वहीत जे राहून गेले, ते कदाचित तिथे असेल.

२७/ आणि दुसरे : त्याच माणसाला येत्या एप्रिल-मेमध्ये डॉक्टरांकडे न्या, लसीविषयी विचारा, स्वतःचीही बाही वर करा. मावसभावाला आम्ही आता दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपास नेतो. गेल्या वेळी मावशीनेच मला आठवण करून दिली. आकडे पाठ असण्यापेक्षा ही आठवण मला अधिक मोलाची वाटते.

आपल्या घरातील मानमोडीच्या आठवणी खाली अवश्य लिहा. सर्व वाचेन. थ्रेड समाप्त.